खान्देशातून उल्कावर्षाव बघायचाय? ऑगस्ट सोडा, डिसेंबर धरा

दरवर्षी ११-१२ ऑगस्टच्या आसपास मोबाइलवर एक बातमी फिरते: ‘आज रात्री आकाशात दिवाळी, तासाला शंभर उल्का!’ उत्साही मंडळी जेवणं उरकून गच्चीवर जातात. वर नुसता ढग, खाली डास. तासाभरात ‘सगळं थोतांड आहे’ म्हणत खाली उतरतात, आणि मग पुन्हा कधी उल्कांच्या नादी लागत नाहीत. बातमी खोटी नसते, फक्त ती आपल्यासाठी लिहिलेली नसते. ऑगस्टमध्ये युरोप-अमेरिकेत उन्हाळ्याचं मोकळं आकाश असतं, आणि आपल्याकडे तेव्हा श्रावणसरी.

खान्देशाचा हंगाम डिसेंबरचा. पाऊस ऑक्टोबरात गेलेला असतो, हवा कोरडी असते, रात्र लांबलचक असते आणि वर्षातला सगळ्यात भरवशाचा उल्कावर्षाव नेमका १३-१४ डिसेंबरला येतो. हा लेख जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या ज्यांनी हे कधीच केलेलं नाही त्यांच्यासाठी आहे. दुर्बीण लागत नाही. कुणी विकत घ्यायला सांगत असेल तर उल्कांसाठी तरी घेऊ नका. दुर्बिणीतून आकाशाचा एवढासा तुकडा दिसतो आणि उल्का नेमकी त्याच्या बाहेरून जाते.

१. आधी वर्षावाची ओळख करून घ्या

उल्का म्हणजे तारा तुटणं नव्हे. धूमकेतू सूर्याभोवती फिरताना मागे बारीक धूळ आणि खडे सोडत जातो. पृथ्वी दरवर्षी ठरलेल्या तारखेला त्या धुळीच्या पट्ट्यातून जाते, म्हणून तारखा ठरलेल्या. वाळूच्या कणापासून हरभऱ्याच्या दाण्याएवढा खडा सेकंदाला दहा-बारा ते सत्तर किलोमीटर वेगाने वातावरणात घुसतो आणि जमिनीपासून साधारण १०० किलोमीटरवर जळून जातो. तेवढीच ती रेघ.

आपल्याकडून बघण्यासारखे वर्षाव असे (नाव त्या तारकासमूहाचं, उल्का तिथून फुटल्यासारख्या वाटतात म्हणून):

मिथुन (१३-१४ डिसेंबर). राजा हाच. याची धूळ धूमकेतूची नाही, ‘फेथॉन’ नावाच्या लघुग्रहाची आहे. हा लघुग्रह १९८३ मध्ये सापडला. उल्का सेकंदाला ३५ किलोमीटर वेगाच्या, म्हणजे उल्कांच्या मानाने सावकाश. ‘तो बघ!’ म्हणेपर्यंत शेजारच्यालाही दिसतात. नवख्यांसाठी हा मोठाच गुण.

कुंभ (५-६ मे). हॅलेच्या धूमकेतूची धूळ. खुद्द हॅले १९८६ ला येऊन गेला, आता २०६१ ला येईल, पण त्याचा कचरा दरवर्षी दिसतो. वैशाखात आपल्याकडे निम्मा गाव गच्चीवरच झोपलेला असतो. गजर साडेतीनचा लावायचा, अंथरुणातच कूस बदलायची आणि पावणेपाचपर्यंत पूर्वेकडे बघायचं. खान्देशातला हा माझ्या मते दुसऱ्या नंबरचा वर्षाव आहे आणि त्याची बातमी कुणी देत नाही.

मृग (२१-२२ ऑक्टोबर). हाही हॅलेचाच. रात्री साडेदहानंतर मृग उगवतो, बघायचं मध्यरात्रीनंतर. तासाला पंधरा-वीस म्हणजे खूप.

सिंह (१७-१८ नोव्हेंबर). एरवी साधारण, पण टेम्पल-टटल धूमकेतू ३३ वर्षांनी परत आला की याचं वादळ होऊ शकतं. १९६६ आणि २००१ ला झालं होतं. उल्का सेकंदाला ७१ किलोमीटर, म्हणजे डोळा लवला की गेली.

ययाती (१२-१३ ऑगस्ट). तो वर सांगितलेला, बातमीवाला. स्विफ्ट-टटल धूमकेतूचा. ढग फाटलेच तर बघा. त्यासाठी पेट्रोल जाळू नका.

एप्रिलातला स्वरमंडळ (२२ तारीख) आणि जानेवारीतला भूतप (३-४ तारीख) सवय झाल्यावर बघा. भूतपचा भर जेमतेम काही तासांचा असतो, तो आपल्या रात्रीत सापडला तर नशीब.

२. तारखेइतकीच तिथीही बघा

मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. तारीख बरोबर, जागा बरोबर, पण वर चंद्र असेल तर निम्म्याहून जास्त उल्का त्या उजेडात हरवतात. २०२४ चा डिसेंबर आठवा: १४ तारखेला दत्तजयंती होती. मार्गशीर्ष पौर्णिमेचा चंद्र रात्रभर डोक्यावर, आणि वर्षाव नेमका त्याच रात्री.

यासाठी वेगळं ॲप लागत नाही, भिंतीवरची दिनदर्शिका पुरते.

अमावस्येच्या आसपासच्या रात्री सर्वांत उत्तम. साधारण कृष्ण दशमीपासून शुक्ल चतुर्थीपर्यंतचा काळ बिनधास्त धरा.

शुक्ल अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. उल्कांची खरी वेळ त्यानंतरचीच, त्यामुळे ही रात्र चालते.

कृष्ण अष्टमीला उलट. चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो आणि नेमकी कामाची वेळ खातो. अष्टमी दोन्ही सारख्याच वाटतात, तिथेच लोक फसतात.

मधले दिवस काढायचे तर संकष्टी हाताशी आहे. तिच्या चंद्रोदयाची वेळ दिनदर्शिकेत गावागणिक छापलेली असते. तिथून पुढे रोज पाऊण-एक तास उशीर धरत जा. कोजागिरीला दूध प्यायचं, उल्कांचं नाव काढायचं नाही.

२०२६ चा डिसेंबर चांगला आहे. अमावस्या ८-९ तारखेला येते, त्यामुळे १३ आणि १४ या दोन्ही रात्री बारीक चंद्र दहा-साडेदहाच्या आसपास मावळलेला असेल. त्या दोन्ही रात्री मोकळ्या ठेवा.

एक अडचण मात्र येणारच. अमावस्येच्या रात्री शेतात जायचं म्हटलं की घरातली ज्येष्ठ मंडळी अडवतात. वाद घालू नका, त्यांनाच सोबत चला म्हणा. डिसेंबर म्हणजे भरिताचा हंगाम. मळ्यात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, कळण्याची पुरी किंवा भाकरी सोबत, असं म्हटल्यावर तिथीचा विषय मागे पडतो. अट एकच: आगटी नऊच्या आत विझवा आणि राखेवर पाणी टाका. धूर आणि निखारे दोन्ही नकोत.

३. जागा: शहराला पाठ नाही, बगल द्या

‘शहरापासून लांब जा’ हे सगळेच सांगतात. कुठल्या दिशेला जायचं हे कुणी सांगत नाही. मिथुन वर्षाव ईशान्येकडून वर येतो. म्हणून शहराचा उजेड तुमच्या ईशान्येला किंवा पूर्वेला येईल अशी जागा घेऊ नका.

जळगावकरांनी पूर्वेकडे, भुसावळच्या बाजूला जाण्यात अर्थ नाही. तिकडे रेल्वे यार्डाचे दिवे, दीपनगरच्या औष्णिक केंद्राचा लखलखाट आणि त्यावर धुरकट हवा. उत्तरेला तापी ओलांडून यावल-चोपड्याच्या बाजूला गेलं की शहराचा उजेड दक्षिणेला राहतो आणि समोर सातपुड्याची काळी कड येते. पायथ्याला अगदी चिकटून मात्र बसू नका, डोंगर आकाशाचा मोठा भाग झाकतो. पाच-सात किलोमीटर अलीकडेच थांबा.

धुळ्यात दोन महामार्ग एकमेकांना छेदतात, मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर. दोन्हींच्या कडेचे ढाबे, पेट्रोल पंप रात्रभर उजळलेले. पारोळ्याच्या दिशेने जाऊन महामार्ग सोडा आणि आतल्या गावाकडे वळा. शहर पश्चिमेला राहील. साक्रीकडे आकाश काळं असतं, पण पवनचक्क्यांवरचे लाल दिवे एका तालात लुकलुकत राहतात. काहींना त्याचा त्रास होत नाही, मला होतो.

नंदुरबारकरांना घरबसल्या सोनं मिळालेलं आहे. तोरणमाळ साधारण साडेअकराशे मीटर उंचीवर आहे. खालची धूळ आणि धुरकं खालीच राहतं. शहाद्याहून वर जाणारा घाट मात्र उजेडीच चढा, आणि मोबाइलला रेंज मिळेल असं गृहीत धरू नका. थंडी खालच्यापेक्षा बरीच जास्त असते.

चाळीसगावकडचे लोक पाटणादेवीचं नाव काढतात. जागा भारीच. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ स्थापल्याचा १२०७ सालचा शिलालेख पाटणचाच. पण हा भाग गौताळा अभयारण्यात येतो. तिथे दिवसा जा, शिलालेख बघा आणि रात्रीसाठी बाहेरच्या एखाद्या गावातली ओळखीची शेतजमीन गाठा.

जागा पुरेशी काळी आहे की नाही, हे कृत्तिका, म्हणजे ताऱ्यांचा छोटा पुंजका, सांगतात. नुसत्या डोळ्यांनी सहा तारे वेगवेगळे मोजता आले तर जागा पक्की. तीन-चारच दिसले किंवा नुसता पुंजका दिसला तर अजून पुढे चला.

४. परवानगी आणि सोबतची कागदपत्रं

हसू नका, या पायरीवर बेत मोडलेले मी बघितलेत. हिवाळ्यात शेतीपंपाची वीज पाळीपाळीने रात्री येते. गव्हा-हरभऱ्याला पाणी द्यायला, दारं धरायला लोक रात्री शेतात असतात. आणि पंपाची केबल, मोटारी चोरीला जाण्याचे प्रकार सगळीकडे झालेले असतात. अशात चार अनोळखी माणसं बांधावर अंधारात पडलेली दिसली तर काय होईल? पहिला प्रश्न ‘काय देखी राह्यना रे भो?’ असा येतो तेव्हा तो कौतुकाचा नसतो.

म्हणून हे करा:

शेतमालकाला आधी भेटा, फोनवर भागवू नका. शेजारच्या शेतवाल्यालाही त्याच्याकडूनच निरोप द्या.

गावाच्या पोलीस पाटलांना दिवसाउजेडी सांगून ठेवा: किती माणसं, कुठली गाडी, किती वाजेपर्यंत.

सोबत आधार कार्ड, वाहन परवाना, गाडीची कागदपत्रं असू द्या. शाळेची मुलं नेणार असाल तर मुख्याध्यापकांचं पत्र आणि पालकांची लेखी संमती.

यावल किंवा गौताळ्यासारख्या अभयारण्याच्या हद्दीत रात्री घुसायचं नाही. धरणाच्या भिंतीवरही नाही. तिथे सुरक्षेचा प्रश्न असतो आणि वॉचमन तुम्हाला हाकलणार, त्यात त्याची चूक नाही.

पाणी द्यायला आलेल्या त्या शेतकऱ्याशी मात्र बोला. वर्षानुवर्षं रात्री उघड्यावर असल्याने त्याने जेवढ्या उल्का बघितल्यात तेवढ्या कुठल्या खगोलप्रेमी मंडळानेही बघितल्या नसतील.

५. सामान

लागतं ते: जाड सतरंजी किंवा ताडपत्री, त्यावर गोधडी, पांघरायला दुसरी गोधडी. बाज मिळाली तर सर्वांत छान, जमिनीचा गारठा लागत नाही आणि विंचूकाट्याचीही भीती कमी. कानटोपी, मफलर, पायमोजे. डिसेंबरात पारा दहाच्या खाली जातो, आणि पडून राहिलेल्या माणसाला थंडी चालणाऱ्यापेक्षा दुप्पट वाजते. थर्मासमध्ये चहा. टॉर्च. लाल जिलेटीन कागद आणि रबर बँड. वही, पेन्सिल. प्रथमोपचाराची पेटी. अंगाला लावायचं डासांचं मलम.

बूट घालून चला, चपला नकोत. खान्देशात घोणस आणि फुरसं दोन्ही आहेत. अंथरूण टाकण्यापूर्वी जागा टॉर्चने नीट बघा, दगडांच्या ढिगाशेजारी किंवा कडब्याच्या गंजीला टेकून बसू नका. केळीच्या बागांलगत बिबट्याचा वावर असतो. गाव सांगेल त्या बाजूला जाऊ नका आणि एकट्याने तर कुठेच जाऊ नका. जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचा रस्ता उजेडीच बघून ठेवा.

दारू आणू नका. संस्कारांचा भाग बाजूला ठेवा. तिने झोप येते आणि थंडीही कळेनाशी होते.

६. पोहोचल्यावर पहिला अर्धा तास

अंधाराला डोळे सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. मोबाइलचा पांढरा पडदा एकदा बघितला की हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू. त्यामुळे टॉर्चच्या तोंडावर लाल जिलेटीन दोन पदरी लावून रबर बँड चढवा, आणि मोबाइल एकाच माणसाकडे, तोही गाडीत. या नियमावरून दर वेळी कुणीतरी रुसतं. रुसू द्या.

गाडी अशी लावा की निघताना कुणाला हेडलाइट अंगावर घ्यावे लागणार नाहीत. नव्या गाड्यांचं दार उघडलं की आतला दिवा लागतो, तो आधीच बंद करून ठेवा.

वेळेबद्दल एक गोष्ट. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर चालतं आणि जळगाव आहे साडेपंच्याहत्तर अंशांवर. त्यामुळे आपली खरी मध्यरात्र साडेबाराच्या आसपास होते. नंदुरबारला आणखी काही मिनिटं उशिरा. इंटरनेटवरच्या वेळा वाचताना हा अर्धा तास ध्यानात ठेवा.

मध्यरात्रीनंतर उल्का वाढतात, कारण तेव्हा आपली बाजू पृथ्वीच्या धावण्याच्या दिशेला तोंड करून असते. पावसात मोटारसायकल चालवताना थेंब छातीवर जास्त आणि पाठीवर कमी बसतात, तसंच हे.

७. कुठे आणि कसं बघायचं

उत्तर शोधा. हात लांब करून मूठ धरली की आकाशात ती साधारण १० अंश झाकते. खान्देश २१ अंश अक्षांशावर असल्याने ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून बरोब्बर दोन मुठी वर सापडतो. फार तेजस्वी नसतो, पण हलत नाही.

आता पूर्वेकडे वळा. डिसेंबरात रात्री नऊला मृगाचं तिकांडं पूर्वेला चांगलं वर आलेलं असतं. त्याच्या डाव्या हाताला, ईशान्येकडे झुकून, शेजारी शेजारी दोन ठसठशीत तारे दिसतात, ते पुनर्वसू. मिथुन वर्षावाच्या उल्का याच भागातून फुटल्यासारख्या वाटतात. हा बिंदू साडेसातच्या सुमारास उगवतो आणि रात्री दोन-अडीचला जवळजवळ डोक्यावर येतो. नऊला सुरुवात करा, पण खरा माल बारा ते चार.

फक्त पुनर्वसूकडे टक लावून बसू नका. तिथे उल्का दिसतात त्या आखूड. लांब, देखण्या रेघा त्या बिंदूपासून लांबच दिसतात. पाठीवर झोपा, पाय पूर्वेकडे किंवा जिकडे अंधार जास्त तिकडे करा, आणि नजर सैल सोडा. दिसलेल्या उल्केची रेघ मनात मागे ताणायची. ती पुनर्वसूपाशी पोहोचली तर मिथुनची, नाहीतर भटकी.

सातपुड्यावर तीनेक मुठींच्या आत रेघ दिसली तर ती सातपुड्यावर जळालेली नसते. जळगावातून बघाल तर ती जवळपास इंदूरच्या डोक्यावर असते. १०० किलोमीटर उंचीचा हा खेळ आहे, म्हणून ‘पलीकडच्या शेतात पडली’ असं म्हणत कुणी पळत सुटलं तर थांबवा.

किती दिसतील? मिथुनचा आकडा बातमीत १२० ते १५० असतो. तो आदर्श परिस्थितीचा: बिंदू थेट डोक्यावर, आकाश पूर्ण काळं, नजर चौफेर. गावाबाहेरच्या चांगल्या अंधारात मध्यरात्रीनंतर तासाला चाळीस-पन्नास मिळाल्या तर खूश व्हा. शहरातल्या गच्चीवरून आठ-दहा. आणि त्या समान अंतराने येत नाहीत. दहा मिनिटं काहीच नाही, मग मिनिटात चार. नेमक्या त्या रिकाम्या दहा मिनिटांत लोक घरी निघतात.

८. जे उल्का नाही, ते काय आहे

रात्रभर वर बघितलं की उल्केखेरीज बरंच काही दिसतं. पहिल्या वेळी सगळ्यांचाच गोंधळ होतो.

लुकलुकणारा लाल-हिरवा-पांढरा दिवा सरळ जातोय: विमान.

न लुकलुकणारा ठळक दिवा, चार-पाच मिनिटांत आकाश ओलांडून मध्येच विझला: उपग्रह. फारच ठळक असेल तर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक. ते सुमारे ४०० किलोमीटरवर आहे आणि दीड तासात पृथ्वीला फेरी मारतं. सूर्यास्तानंतरच्या किंवा सूर्योदयापूर्वीच्या दोनेक तासांतच दिसतं, कारण तेव्हा आपल्याकडे अंधार आणि त्याच्यावर ऊन असतं. त्याच्या वेळा नासाच्या ‘स्पॉट द स्टेशन’ सेवेवर मिळतात. मुलांना दाखवायला याच्याइतकं सोपं काही नाही.

दिव्यांची माळच्या माळ एका रांगेत चाललीय: स्टारलिंकचे उपग्रह, नुकतेच सोडलेले. काही दिवसांत पांगतात. हे दिसलं की गावागावांतून फोन येतात.

पश्चिमेला संध्याकाळी किंवा पूर्वेला पहाटे, डोळे दिपवणारी चांदणी: शुक्र. तो मध्यरात्री डोक्यावर कधीच दिसत नाही. मध्यरात्री तेवढं तेजस्वी काही दिसलं तर बहुधा गुरू.

मृगाच्या खाली, रंग बदलत जोरजोरात लुकलुकणारा: व्याध. रात्रीच्या ताऱ्यांत सर्वांत तेजस्वी. क्षितिजाजवळ हवेच्या थरांमुळे लाल-निळा चमकतो आणि ‘ड्रोन आहे, ड्रोन आहे’ अशी आवई उठते.

सावकाश सरकत, तुकडे होत जाणाऱ्या आगीच्या रेघा, वीस-तीस सेकंद किंवा जास्त: ही उल्का नव्हे. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास, महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणांहून अशी रेघ दिसली. चिनी रॉकेटचा भाग वातावरणात परत येऊन जळत होता, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष होता. चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरी गावात धातूची मोठी कडीही पडलेली सापडली. नैसर्गिक उल्का एक-दोन सेकंदांत संपते. सेकंद मोजा, निम्मा निकाल तिथेच लागतो.

शुक्रापेक्षाही तेजस्वी, क्षणभर जमिनीवर सावल्या पाडणारी: हा अग्निगोल, आणि ही मोठीच पर्वणी. लगेच घड्याळ बघा, दिशा आणि उंची मुठीत मोजून लिहा, आणि पुढची चार-पाच मिनिटं सगळ्यांनी गप्प राहा. फार मोठा असेल तर गडगडाट मागाहून पोहोचतो.

आणि फॉरवर्ड. ‘मंगळ चंद्राएवढा दिसणार’ हा निरोप २००३ पासून दर ऑगस्टला फिरतोय; त्या वर्षी मंगळ खरंच फार जवळ आला होता, पण तेव्हाही तो नुसत्या डोळ्यांना ठिपक्याएवढाच दिसत होता. ‘आज रात्री मंगळावरून घातक किरण येणार, मोबाइल बंद ठेवा’ हाही खोटा. उल्कावर्षावाच्या रात्री मोबाइल बंद ठेवायला माझी हरकत नाही, एवढंच.

९. नोंद आणि फोटो

नोंद सोपी. वहीत वेळेचे पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने पाडा. प्रत्येक माणसाने आपापली मोजणी करायची. चौघांची बेरीज करून ‘आम्ही दोनशे पाहिल्या’ म्हणायचं नाही, त्यात एकच उल्का चारदा मोजलेली असते. मिथुनची आणि भटकी वेगळी लिहा, ढग किती होते ते लिहा. अशा नोंदी आंतरराष्ट्रीय उल्का संघटना नवख्यांकडूनही घेते, संकेतस्थळावर अर्ज भरता येतो. अग्निगोलाची नोंदही तिथेच.

फोटोसाठी मोबाइल स्टँडवर घट्ट बसवा, प्रो मोडमध्ये १५ ते ३० सेकंदांचं एक्स्पोजर, आयएसओ १६०० च्या पुढे, फोकस अनंतावर, आणि एकामागून एक फोटो काढत राहा. शेकड्यात एक-दोन लागतात. नदीकाठी पहाटे लेन्सवर दव बसतं, मऊ फडकं जवळ ठेवा. पहिल्या वर्षी फोटोच्या मागे लागू नका असं माझं मत आहे.

१०. दगड सापडला असं वाटलं तर

वर्षावातल्या खड्यांपैकी जमिनीपर्यंत काही पोहोचत नाही, त्यामुळे १४ डिसेंबरच्या सकाळी शेतात दगड शोधायला निघू नका. पण अशनी, म्हणजे पूर्ण न जळता जमिनीपर्यंत पोहोचलेले आकाशातले दगड, पडतात, आणि आपल्याकडे पडलेला आहे. १८४३ च्या जूनमध्ये मुक्ताईनगरजवळ, तेव्हाच्या एदलाबादजवळ, माणेगावला एक पडला. तो डायोजेनाइट प्रकारचा आहे. असे दगड वेस्टा या लघुग्रहाचे तुकडे मानले जातात.

इंटरनेटवर सांगतात की काळा, जड आणि चुंबकाला चिकटणारा दगड म्हणजे अशनी. खान्देशात ही परीक्षा चालत नाही. आपल्या पायाखाली सगळा काळा बेसाल्टच आहे, त्यात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं, आणि कुठलाही जडसर काळा दगड चुंबकाला थोडीफार ओढ दाखवतो. उलट अशनी खरा असेल तर चुंबक लावल्याने त्यातली मूळ चुंबकीय खूण पुसली जाते, म्हणजे अभ्यासकांचं नुकसान. बघायचं ते त्याचं कवच: बाहेरून जळाल्यासारखा पातळ काळा थर आणि तुटल्या जागी आत वेगळाच, बहुधा फिकट रंग. बेसाल्ट आतबाहेर काळा असतो. बुडबुड्यांची भोकं असलेला दगडही अशनी नसतो.

तरी शंका उरली तर दगड धुऊ नका, फोडू नका. पडल्या जागी शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, स्वच्छ कागदात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवा आणि तहसील कार्यालयाला लेखी कळवा. देशात पडणाऱ्या अशनींची जबाबदारी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या संस्थेकडे असते, तिथपर्यंत तो निरोप जायला हवा. अर्जात पडल्याची किंवा सापडल्याची तारीख, वेळ, गट क्रमांक आणि आवाज ऐकलेल्या माणसांची नावं घाला, आणि पोहोच मागून घ्या.